रुसणाऱ्याची ओळ

आकांक्षाचा लेख पुण्याच्या पुरस्काराच्या शेवटच्या तिनांत आला तेव्हा तिने पहिला फोन अकोल्याला बाबांना लावला.

"बाबा, माहा लेख निवडला त्यांनी. आपल्या पत्रिकांवरचा."

नत्थुजींनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "कोनाचं लग्न हाय?"

लग्न कोणाचंच नव्हतं. अक्षरं, चित्रं, वस्तूंची घडण असल्या डोळ्यांनी बघायच्या गोष्टींवर मराठीत जो कोणी उत्तम लिहील त्याला पुण्याची एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते. यंदा शेवटच्या तिनांत एक लेख विमानतळावरच्या खुर्च्यांवर होता, दुसरा लोकशाहीतल्या पांढऱ्या रंगावर, आणि तिसरा अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एकेकाळी छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकांवर. हा तिसरा आकांक्षाचा. ती अमरावतीच्या एका चित्रकला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास असला तर शिक्षक, नसला तर नागरिक. पुरस्कार मिळाला तर ती दोन तासांच्या मधल्या वेळातही कोणीतरी असणार होती. पण खरी गोष्ट ती नव्हती. चौतीस वर्षं तिच्या बापाने शिशाचा एकेक खिळा जुळवून अक्षरं छापली, आणि ते काम कोणी काम म्हणून पाहिलं नव्हतं. लोक पत्रिकेत तारीख बघायचे, जेवणाची वेळ बघायचे. पत्रिका कोणीच बघितली नव्हती. निदान तीन परीक्षकांनी तरी बघावी, एवढंच तिला हवं होतं.

लेख होता एका मोकळ्या ओळीवर.

नत्थुजींच्या प्रत्येक पत्रिकेत 'स्वागतोत्सुक' या मथळ्याखाली नावांची झुंबड असायची. काका, मामा, आत्या, आत्यांचे नवरे म्हणजे फुफाजी, जावई, एका ट्रॅक्टरमध्ये मावणार नाहीत इतके. आणि त्या सगळ्यांच्या खाली एक ओळ कोरी. आकांक्षा आठ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रेसमध्ये कागदाच्या रिमांवर बसून राहायची. ट्रेडल मशीन खटक-खटक करत तोंड उघडायचं, मिटायचं. रॉकेलचा आणि शाईचा वास, दारातल्या कूलरचा ओला वाळा, बाहेर शेहेचाळीस डिग्री. छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तिच्या शेजारी येऊन पडायचा आणि ती त्या कोऱ्या ओळीवर बोटाने आपलं नाव लिहायची. तिला कोणाचंही स्वागत करायची उत्सुकता नव्हती, पण नाव बरोबर बसायचं.

वीस वर्षांनी तिने लिहिलं होतं : 'या मोकळ्या ओळीत मुद्रक श्वास घेतो. दोन घराण्यांच्या गर्दीत त्याने राखलेलं हे मौन आहे.' परीक्षकांपैकी अद्वैत नावाच्या गृहस्थांनी कळवलं होतं की हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं, आणि त्यातलं एकदा उभं राहून.

अट एकच होती. ज्या वस्तूवर लेख आहे ती मूळ वस्तू परीक्षकांना बघायला मिळाली पाहिजे. आदल्या वर्षी एकाने कोकणातल्या एका समईवर असा लेख लिहिला होता की परीक्षक रडले होते, आणि बक्षीस दिल्यावर कळलं की अशी समईच नव्हती. तेव्हापासून संस्था सावध होती. मुदत वीस दिवसांची.

रविवारी आकांक्षा अकोल्याला गेली. प्रेस बंद होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. मशीन भंगारात गेलं होतं, नमुन्यांची फाइल वाळवीने वाचून संपवली होती, आणि त्या खोलीत आता स्कूटर आणि गव्हाच्या कोठ्या राहत होत्या. नत्थुजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. वाचत म्हणजे, कोणत्या मथळ्याचं अंतर चुकलं ते बघत.

"बाबा, ते पत्रिकेत खाली एक ओळ कोरी सोडत होते तुमी. कावून?"

"कोनती?"

"स्वागतोत्सुकच्या खालची. शेवटची."

"ते होय! ते रुसनाऱ्याची."

"कोनाची?"

नत्थुजींनी पेपरची घडी केली. "हे पाय. मानूस येऊन पंचवीस नावं लिहून देये. मी छापो. नमुना घरी गेला का कोनी ना कोनी वाचे. अन् पत्रिका वाचनारा पह्यले आपलंच नाव पाह्यते. नाई सापडलं का रुसला. फुफाजी रुसे, मोठेबाबा रुसे, जवाई तं रुसेच. मंग नवरीचा बाप पयत पयत प्रेसात. आता पाचशे पत्रिका पुन्हा छापाच्या का? म्हून मी पह्यलेच एक ओळ सोडून ठेवो. तेवढं एक नाव जुयवलं, पुन्हा एकदा मशीनवर फिरवलं, खलास."

"अन् पत्रिका आधीच वाटून टाकल्या असल्या तं?"

"कशा वाटतीन? मी देतच नव्हतो. सांगो, शाई वाळू द्या दोन दिवस."

"शाईले दोन दिवस लागत होते?"

"शाई तं घंट्यात वाळे. रुसाले दोन दिवस लागतेत."

आकांक्षाने पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळा प्यायली. श्वास नाही, मौन नाही. तिने ज्याच्यावर बावीसशे शब्द लिहिले होते ते फुफाजींचं राखीव आसन होतं.

"पुण्याच्या लोकाईले काय सांगतलं तू?" नत्थुजींनी विचारलं.

"तुमी श्वास घेता म्हून सांगतलं."

"ते तं घेतोच," नत्थुजी म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

खोटं पुढे रेटण्याइतकी ती निर्ढावलेली नव्हती. त्याच दुपारी तिने अद्वैतना सगळं लिहून कळवलं आणि लेख मागे घेऊ का असं विचारलं. उत्तर तासाभरात आलं. 'श्वासापेक्षा रुसवा कितीतरी चांगला आहे. लेख दुरुस्त करून पाठवा. पत्रिका मात्र हवीच, आणि ती ओळ कोरी असलेली हवी. नाहीतर ती ओळ होती हे आम्ही कशावरून मानायचं?'

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नत्थुजी हसले. "कोरी? कोरी भेटनारच नाई, बाई. कोनी ना कोनी रुसेच. तुले पत्रिका नाई सापडवाची. ज्याच्यात कोनी रुसलं नाई असं लग्न सापडवाचं हाय."

"मंग सापडवतो."

"वऱ्हाडात?"

"वऱ्हाडात."

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग चपला शोधायला लागले. "चाल मंग. तू एकटी गेली तं लोकं चहा पाजून वापस धाडतीन."

अशी ती शोधमोहीम सुरू झाली. पहिलं घर अमरावतीत गाडगेनगरला, शालूमावशीचं. मावशीने अभिमानाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. "मी एकही फेकली नाई." डबा उघडला. आत गणपती होते. नुसतेच. पत्रिकेवरचा देव कचऱ्यात जाऊ नये म्हणून मावशी प्रत्येक पत्रिकेचा गणपती कात्रीने कापून ठेवायची, कधीतरी नदीत सोडू म्हणून. नदीकडे जाणं काही होत नव्हतं. बाकीची पत्रिका कपाटाच्या फळीवर, डब्याच्या तळाशी, हिशेबाच्या पाठकोऱ्या कामाला. एकशे चौदा गणपती, आणि त्यांतल्या सत्तरांचा डावा कान तुटलेला.

"हे माहे," नत्थुजी सत्तर वेगळे काढत म्हणाले. "त्र्याण्णवमधी गनपतीचा ब्लॉक हातातून पडला होता. कोनाच्याच ध्यानात नाई आलं."

"मले वाटे देवच तसा हाय," मावशी म्हणाली. "मी तं तसाच हात जोडो."

नत्थुजींनी एक गणपती उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग बाकीच्यांसारखाच तो डब्यात ठेवला, पण सगळ्यांत वर.

भातकुलीला गजेंद्रच्या घरी अख्खी पत्रिका सापडली. गजेंद्र हा आकांक्षाच्या मामाचा साडू. नातं लांबचं, पण चहा जवळचा. पत्रिकेतली शेवटची ओळ भरलेली होती, बाकीच्या नावांपेक्षा जरा गडद शाईत. "फुफाजी," गजेंद्र म्हणाला. "ते तं अजूनही रुसेल हायेत. म्हन्ते, सगळ्याईच्या खाली टाकलं."

चांदूर बाजारात तर एका ओळीत दोन रुसणारे कोंबले होते. आणि तिथे आकांक्षाचं चुकलं. तिने सरळ विचारलं, "तुमच्या लग्नात आनखी कोनी रुसलं होतं का?" मग सासूबाई म्हणाल्या की होय, एक जण होते, पण त्यांना ओळ मिळाली नाही. ते एक जण तेव्हा आतल्या खोलीत जेवत होते. ते ताटावरून उठले. एकतीस वर्षांपूर्वीचा विझलेला रुसवा पाच मिनिटांत पेटला, आणि बाप-लेक चहा अर्धा टाकून बस स्टँडवर आले.

अकरा घरं झाली. अकरा ओळी, सगळ्या भरलेल्या. नत्थुजी आता प्रत्येक पत्रिका हातात घेतली की अंगठ्याने अक्षरं चाचपायचे. खिळ्यांची छपाई कागदात किंचित रुतते, बोटाला लागते. कोणता खिळा झिजलेला होता, कोणत्या वर्षी 'ज्ञ' संपला म्हणून कोणाच्या ज्ञानेश्वरला 'नाना' करावं लागलं, हे ते बसमध्ये सांगत बसायचे. आकांक्षाला यातलं काहीच माहीत नव्हतं. रिमांवर बसून तिने फक्त आवाज ऐकला होता.

मुदत संपायला आठ दिवस होते. अकोल्याच्या बसमध्ये, बडनेरा मागे पडल्यावर, नत्थुजी एकदम म्हणाले, "एक होती."

"काय?"

"कोरी. तेल्हाऱ्याची ऑर्डर होती. दोन दिवस झाले, चार झाले, कोनीच नाई आलं नाव घेऊन. आठव्या दिवशी पोरगं आलं, म्हने द्या तशाच. मले वाटलं, सारं खानदान बिमार असन."

तेल्हाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी पोचले. घर किशोरचं. तोच तो पत्रिका न्यायला आलेला पोरगा, आता पन्नाशीचा. वेचणीचे दिवस होते. पुढच्या खोलीत कापूस छातीइतका भरलेला होता आणि माणसांना बसायला कापसावरच जागा होती. किशोरची बायको आशाबाई पाणी घेऊन आली. कोपऱ्यात बाजेवर किशोरची आई पार्बताबाई बसली होती, ऐंशीच्या पुढची, कान तिखट.

पत्रिका म्हणताच आशाबाई देव्हाऱ्याकडे गेली आणि देवाच्या फोटोमागून प्लास्टिकच्या पिशवीतली पत्रिका काढून आणली. गणपती शाबूत, कान तुटका. चिरंजीव किशोर, सौभाग्यकांक्षिणी आशा. स्वागतोत्सुकांची गर्दी. आणि खाली एक ओळ, कोरी.

आकांक्षाला ती वाटत होती त्यापेक्षा मोठी होती. की लहानपणापासून तिने ती मनात आखडून ठेवली होती कोण जाणे.

"तुमच्या लग्नात कोनीच रुसलं नाई?" तिने चांदूर बाजारचा अनुभव विसरून विचारलं.

किशोर हसला. "रुसलं नाई? माहा मोठा भाऊ बंडू घर सोडून गेला होता रुसून! दोन वर्षं झाली होती तवा."

"कशावरून?"

"पोया होता. तो बाजारातून लाल रंग आनाले गेला, बैलाच्या शिंगाईले. तो येवोस्तोवर आमी हिरवे करून टाकले. वापस येऊन पाह्यलं त्यानं. एक शब्द बोलला नाई. सुरतेले निंघून गेला."

"शिंगाच्या रंगावरून?"

"हिरवं बरं नव्हतं दिसत," बाजेवरून पार्बताबाई म्हणाली. "त्याचं बरोबर होतं."

मग तिनेच पुढचं सांगितलं. किशोरच्या लग्नाची नावं काढली तेव्हा सगळे म्हणाले, थोरल्याचं नाव पहिलं टाका. तिने टाकू दिलं नाही. "मी म्हटलं, नाव टाकसान तं तो सुरतेत बसून वाचन, खुश होईन, अन् येनार नाई. नका टाकू. नाव नाई दिसलं का भांडाले तरी येईन. खिळे जुयवनाऱ्यानं जागा सोडलीच होती. आला का टाकू." घरी आलेली नमुन्याची पत्रिका तिने सुरतेला धाडली आणि आठ दिवस मोठ्या मुलाची वाट बघितली. भांडायला.

"मंग?" आकांक्षा म्हणाली.

"नाई आला. त्याले वाटलं असन, मुद्दाम नाव टाकलं नाई."

"मुद्दामच नव्हतं टाकलं, बुढे," किशोर हळूच म्हणाला.

पार्बताबाईने नत्थुजींकडे बोट केलं. "तुमीच होय का ते प्रेसवाले? बरं झालं. तो आला का पत्रिका तुमच्याकडं धाडतो. तेवढं नाव टाकून देजा."

ट्रेडल मशीन भंगारात जाऊन चौदा वर्षं झाली होती. खिळे किलोवर गेले होते. आकांक्षाने बापाकडे पाहिलं.

"धाडा," नत्थुजी म्हणाले. "एका घंट्यात टाकून देतो."

"शाई वाळाले?" पार्बताबाईने विचारलं.

"तुमच्यासाठी नाई लागनार दोन दिवस."

मग जे झालं ते आकांक्षाला अपेक्षित नव्हतं. ती पिशवी आशाबाईला परत देणार, तेवढ्यात नत्थुजी म्हणाले, "माय, हे पत्रिका पंधरा दिवस देसान काय? पुन्याले न्याची हाय. पोरीच्या लेखाची गोष्ट हाय. अन्..." ते थांबले. "अन् मले बी वाटते, कोनी पाहावं."

चौतीस वर्षांत बाबांनी गिऱ्हाइकाकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

पार्बताबाईने विचार केला. तिला नाही म्हणायचं नव्हतं, हे दिसत होतं. "नेजा," ती म्हणाली. "पन त्याच पंधरा दिवसांत तो आला तं?"

सत्तावीस वर्षांत न आलेला माणूस नेमका या पंधरवड्यात येणार नाही असं तिच्यासमोर म्हणायला जो निगरगट्टपणा लागतो, तो त्या खोलीत कोणाजवळ नव्हता. आकांक्षाने पत्रिका पिशवीत घातली, उठली आणि स्वतः देवाच्या फोटोमागे ठेवून आली.

बस स्टँडवरून तिने अद्वैतना फोन लावला. पत्रिका सापडली, पण ती पुण्याला येणार नाही. तिला एका माणसाची वाट बघायची आहे. तुम्ही या, नाहीतर माझा लेख बाद करा.

"तेल्हाऱ्याला जवळचं विमानतळ कुठलं?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की जवळचं असं काही नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी अद्वैत आले. पांढरा तागाचा कुडता, गळ्यात भिंग. आशाबाईने बसा म्हटलं, ते बसले आणि कंबरेपर्यंत कापसात गेले. तसेच, अर्धे बुडालेले, त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि भिंगातून त्या ओळीकडे बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गल्लीतली माणसं दारात जमली.

"काय पाहून रायले ते?" एकाने किशोरला विचारलं.

"काही नाई."

"मंग एवढा वेळ?"

"पुन्याचे हायेत."

अद्वैतनी मान वर केली. "ही कोरी जागा वरच्या ओळींपेक्षा जास्त उंच कशी?"

आकांक्षाला हे दिसलंच नव्हतं. ना लहानपणी, ना लेखात, ना मागच्या खेपेला ओळ मोठी वाटली तेव्हा. नत्थुजी पुढे सरकले, अंगठा ओळीशेजारी ठेवला. "वरचे खिळे बारा पॉइंटचे. ही जागा सोळाची. कावून तं, रुसनाऱ्याचं नाव बाकीच्याइतकंच टाकलं का तो पुन्हा रुसते. थोडं मोठं लागते. अन् गडद. म्हून त्या ओळीले मी शाई ताजी घेत होतो." मग ते थांबलेच नाहीत. जुळवलेल्या नावांत कोणाचं नाव कोणाच्या शेजारी येऊ द्यायचं नाही, वाकडं असलेल्या दोन काकांच्या मधे एखादी गरीब आत्या कशी बसवायची, नवऱ्याकडची यादी छोटी असली तर अक्षरांत फट वाढवून दोन्ही बाजू सारख्या कशा दाखवायच्या. दीड तास. अद्वैत लिहून घेत होते. आकांक्षाकडे वही होती, पण ती नुसती ऐकत होती. गल्लीतली माणसं आता दारातून आत आली होती आणि कापसावर बसून एक न छापलेली ओळ बघत होती.

अद्वैत निघाले तेव्हा त्यांच्या कुडत्याला मागून पाव-अर्धा किलो कापूस चिकटलेला होता. कोणी सांगितलं नाही.

निकाल दहा दिवसांनी लागला. पुरस्कार विमानतळावरच्या खुर्च्यांना गेला. परीक्षकांचं पत्र सोबत होतं. आकांक्षा ते घेऊन अकोल्याला गेली आणि ओट्यावर बापाशेजारी बसून तिने वाचलं : 'लेख उत्तम आहे. परंतु मूळ वस्तू पाहिल्यावर आणि ती करणाऱ्याचं ऐकल्यावर लेख तोकडा वाटतो. खुर्च्यांच्या बाबतीत नेमकं उलट झालं.'

"म्हंजे?" नत्थुजींनी विचारलं.

"म्हंजे तुमचं काम माह्या लेखापेक्षा मोठं निंघालं, म्हून मले नाई भेटलं."

नत्थुजींनी पत्र मागून घेतलं. आधी उजेडात आडवं धरून छपाई बघितली, मग मजकूर वाचला, मग ती तीन वाक्यं परत वाचली. आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. गल्लीतून कोणी जाताना नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही.

"मंग नीट लिहाचं होतं तं, बाई," शेवटी ते म्हणाले. "दोन वर्षं लावून लिहिलं अन् सोळा पॉइंट दिसला नाई तुले?"

"तुमी कधी सांगतलं?"

"तू कधी इचारलं?"

तिने पिशवीतून वही काढली. "आता इचारून रायली. सांगा. पह्यल्यापासून."

नत्थुजींनी स्कूटर आणि गव्हाच्या कोठ्यांकडे पाहिलं, जिथे मशीन होतं त्या जागेकडे. मग ताठ बसले.

"सांगतो," ते म्हणाले. "पह्यले हात धून ये."

"लिहाचंच तं हाय, बाबा."

"कागदाले हात लावशीनच नं?"

आकांक्षा उठली आणि मोरीवर हात धुवायला गेली.